हिरवं स्टिकर असलेला मॉर्गन डॉलर घ्यावा का? दोन नाण्यांत ७५ डॉलरचा फरक आहे

एडिसनकर

नमस्कार मंडळी,

नाण्यांच्या बाबतीत मी नवखा आहे, तेव्हा प्रश्न साधा वाटला तरी उत्तर द्या.

वाईला आमच्या जुन्या घरात आजीची एक कापडी पिशवी होती. त्यात अकरा राणीछाप रुपये. आजी गेल्यावर ती पिशवी दादाकडे आली आणि अजून तिथेच आहे. गेल्या उन्हाळ्यात मुलगी पहिल्यांदाच वाईला बराच काळ राहिली. वय अकरा. तिने एक रुपया हातात घेतला, बराच वेळ उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, "बाबा, तेव्हा अमेरिकेत काय चालायचं?" मला उत्तर देता आलं नाही. न्यू जर्सीला परत आल्यावर शोधलं तेव्हा मॉर्गन डॉलर सापडला. १८७८ ते १९०४ आणि मग पुन्हा एकदा १९२१. त्यातही नेवाडातल्या खाणींच्या चांदीची, तिथल्याच कार्सन सिटी टांकसाळीत पाडलेली नाणी, मागच्या बाजूला 'सीसी' अशी अक्षरं असलेली. तिच्या वाढदिवसाला यातलं एक द्यायचं ठरवलं आहे.

घरापासून तासाभरावर एक दुकान आहे. त्याच्याकडे १८८४-सीसीची दोन नाणी आहेत. दोन्ही पीसीजीएस या ग्रेड देणाऱ्या कंपनीच्या स्लॅबमध्ये, म्हणजे सीलबंद प्लास्टिकच्या डबीत, दोन्हीची ग्रेड एमएस-६४. एक ३४० डॉलरला. दुसरं ४१५ ला, कारण त्याच्या स्लॅबवर सीएसी या आणखी एका तपासणी कंपनीचं छोटं हिरवं स्टिकर आहे. दुकानदार म्हणाला, "स्टिकर असलेलं घ्या, डोळे झाकून घ्या."

माझा प्रश्न असा. पीसीजीएसने नाणं तपासून ग्रेड दिली, डबीत बंद केलं. मग त्यावर तिसऱ्याने शिक्का मारायची गरज काय? आणि स्टिकर नाही म्हणजे त्या दुसऱ्या नाण्यात काही खोट आहे का? बायकोचं म्हणणं आहे की ७५ डॉलरमध्ये मुलीला चांगलं भिंग आणि एखादं पुस्तक येईल. मला ते पटतंय, पण चुकीचं नाणं घेतलं अशी रुखरुख नको.

पेठकरी

स्टिकर असलेलं घ्या. मी बॉस्टनला असतो आणि दरवर्षी पाच-सात नाणी विकतो, म्हणून हे अनुभवाने सांगतो. लिलावात हिरवं स्टिकर दिसलं की लांबचा माणूसही नाणं प्रत्यक्ष न बघता बोली लावतो. व्यापारी ज्या ग्रेशीटवरून भाव काढतात, त्यातसुद्धा सीएसी नाण्यांचे भाव वेगळे दिलेले असतात. आज ७५ जास्त दिलेत तर विकताना त्यातले बरेचसे परत येतात. स्टिकर नसलेल्या नाण्याला गिऱ्हाईक पहिला प्रश्न तोच विचारतं, "याला का नाही मिळालं?" त्याचं उत्तर देत बसावं लागतं.

नाणेघाट

एडिसनकर, दुकानदार म्हणतो तसे डोळे झाकू नका. हा छंद डोळे उघडे ठेवायचाच आहे. पेठकरींनी विकण्याबद्दल लिहिलंय ते खरं आहे, पण तुम्ही विकायला घेत नाही आहात, मुलीला द्यायला घेताय. जरा लांबण लागेल, पण सगळं सांगते.

मी मेरीलँडला असते. मॉर्गन जमवायला लागून बावीस वर्षं झाली. पोटापाण्याचं काम कारखान्यातल्या तपासणी विभागात होतं, धातूच्या भागांवरचे ओरखडे भिंगाखाली शोधायचं. त्यामुळे धातूच्या पृष्ठभागाकडे बघायची सवय आधीपासून होती, आणि तरीही मी फसले. ते पुढे येईलच.

आधी ग्रेड. एक ते सत्तर हा आकडा डॉ. विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये जुन्या मोठ्या तांब्याच्या सेंटसाठी मांडला, आणि पुढे तो सगळ्याच अमेरिकन नाण्यांना लागू झाला. साठ ते सत्तर म्हणजे कधीच वापरात न गेलेलं नाणं, त्यालाच एमएस (मिंट स्टेट) म्हणतात. तुमचं ६४ त्यातलं. पण ६४ हा एक ठिपका नाही, पट्टा आहे. आपल्याकडे साठ टक्क्यांनाही फर्स्ट क्लास आणि चौऱ्याहत्तर टक्क्यांनाही फर्स्ट क्लासच. गुणपत्रिका न दाखवता नुसतं "फर्स्ट क्लास" सांगितलं तर मुलगा कुठे आहे ते कळत नाही. स्लॅबच्या लेबलवरचं ६४ तसं आहे.

सीएसी काय करते? जॉन अल्बानीज यांनी ती २००७ मध्ये सुरू केली. हेच गृहस्थ १९८७ मध्ये एनजीसी ही पीसीजीएससारखीच ग्रेड देणारी कंपनी सुरू करणारे. पीसीजीएस त्याच्या आदल्या वर्षीची, १९८६ ची. म्हणजे स्लॅबचा धंदा ज्यांनी उभा केला, त्यांच्यातल्याच एकाला वीस वर्षांनी वाटलं की या डब्यांवर दुसरी नजर हवी. कारण उघड होतं. लोक नाणं डबीतून फोडून काढायचे आणि पुन्हा पाठवायचे, वरची ग्रेड मिळेपर्यंत पाठवत राहायचे. ६४ चं नाणं तिसऱ्या खेपेला ६५ होऊन आलं की ते तिथेच थांबतं, पुन्हा कोण पाठवणार? असं वर्षानुवर्षं चाललं की डब्यांमध्ये काठावरची नाणी साठत जातात. शिवाय नाण्यांवर केलेली कारागिरी: सोन्याच्या नाण्यावर ओरखडे लपवायला चोळलेला लेप, चांदीच्या नाण्याला आम्लात बुडवून आणलेली खोटी चमक, मुद्दाम चढवलेले रंग.

आता महत्त्वाचा भाग. अल्बानीज एकाच ग्रेडमधल्या नाण्यांचे ए, बी आणि सी असे तीन गट मानतात. ए म्हणजे वरच्या काठाचं, बी म्हणजे भक्कम, सी म्हणजे खालच्या काठाचं. हिरवं स्टिकर ए आणि बी ला मिळतं. सी ला मिळत नाही. पण सी सुद्धा त्याच ग्रेडचं नाणं आहे! ते खोटं नाही, चुकीच्या डबीत नाही, फक्त पट्ट्याच्या तळाशी आहे. सोनेरी स्टिकरही असतं, ते "या नाण्याला याहून वरची ग्रेड शोभली असती" असं सांगतं, आणि ते फार थोड्या नाण्यांवर दिसतं.

म्हणून "स्टिकर नाही म्हणजे खोट आहे का" याचं उत्तर: स्टिकर नसलेलं नाणं तिकडे गेलंच नसेल, किंवा जाऊन तसंच परत आलं असेल. बाहेरून बघून यातलं काय ते कळत नाही. स्लॅबचा क्रमांक सीएसीच्या संकेतस्थळावर टाकला तर स्टिकर दिलेलं आहे की नाही एवढं कळतं. पाठवायला शुल्क लागतं, जाण्यायेण्याचं टपाल आणि विमा लागतो. तीन-साडेतीनशेच्या नाण्यासाठी हा खटाटोप पुष्कळ लोक करत नाहीत. दुकानदाराला सरळ विचारा, "हे तुम्ही पाठवलं होतं का?" उत्तर देताना तो कसा बोलतो त्यावरूनही काही समजतं.

आता माझी गोष्ट. २०११ मध्ये एका प्रदर्शनात मी १८९६-ओ घेतलं. न्यू ऑर्लिन्स टांकसाळीचं. एका मोठ्या कंपनीचा स्लॅब, ग्रेड एमएस-६२, किंमत चौदाशे डॉलर. हे साल असं आहे की एकोणपन्नास लाख नाणी पाडली गेली, झिजलेली कुठेही मिळतात, पण न वापरलेलं चांगलं नाणं मिळणं महाकठीण. त्यामुळे "जवळजवळ न वापरलेलं" आणि "न वापरलेलं" या दोन शब्दांत हजारभर डॉलरचं अंतर. प्रदर्शनात वर पांढरे दिवे, गर्दी, शेजारी घासाघीस चाललेली. मी लेबल वाचलं आणि पैसे मोजले.

रात्री घरी येऊन टेबलावरच्या दिव्याखाली धरलं. लिबर्टीच्या, म्हणजे नाण्यावरच्या स्वातंत्र्यदेवीच्या, कानावरचे केस सपाट दिसत होते. न्यू ऑर्लिन्सच्या नाण्यांवर ते बऱ्याचदा तसेच असतात, कारण ठसा तिथे पूर्ण बसलेलाच नसतो, ही झीज नव्हे. पण ठसा न बसलेल्या जागी धातूची मूळ कातडी तशीच राहते आणि नाणं फिरवलं की तिथूनही प्रकाश सरकत जातो. माझ्या नाण्यावर प्रकाश केसांपर्यंत यायचा आणि थांबायचा. पलीकडे पुन्हा सुरू व्हायचा. मध्ये करड्या रंगाचा एक डाग, पाव इंचाचाही नाही. गालाच्या उंचवट्यावरही तसाच एक. कोणीतरी, शंभर वर्षांपूर्वी असेल, ते नाणं खिशात घालून फिरलं होतं. ते न वापरलेलं नव्हतंच.

मनाची समजूत घालायला एका ओळखीच्या व्यापाऱ्यामार्फत ते सीएसीला पाठवलं. स्टिकर न लागता परत आलं. दोन वर्षांनी सहाशे डॉलरला विकलं, आणि विकत घेणाऱ्याला ते दोन्ही डाग बोटाने दाखवून विकलं.

त्या नाण्यावर आधीपासून हिरवं स्टिकर असतं तर? ते माझे आठशे डॉलर वाचवणारं स्टिकर ठरलं असतं. म्हणून मी स्टिकरच्या विरोधात मुळीच नाही. १८९६-ओ, १८८४-एस, १९०१ यांसारखी सालं, जिथे अर्ध्या पायरीवर किंमत कितीतरी पटींनी उडी मारते, तिथे मी आजही स्टिकरशिवाय हात घालत नाही, आणि त्यासाठी जास्तीचे पैसे आनंदाने देते.

पण तुमचं नाणं १८८४-सीसी आहे. त्याची कथा अगदी उलटी. एकूण पाडली गेली ११,३६,००० नाणी, आणि त्यांतली ९,६२,६३८ सरकारी तिजोरीत पोत्यांमध्ये तशीच पडून राहिली. १९७२ पासून सरकारच्या जीएसए खात्याने ती टपालाने लोकांना विकली. म्हणजे दहातली आठ नाणी कुणाच्या खिशात गेलीच नाहीत. मला ज्या झिजेने फसवलं तो प्रश्नच इथे सहसा येत नाही. इथे फरक पडतो तो पोत्यातल्या ठोकरांचा (एका पोत्यात हजार नाणी, एकमेकांवर आपटलेली) आणि झळाळीचा. या दोन्ही गोष्टी तुम्हाला आणि तुमच्या मुलीला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतात. जे स्वतःला दिसतं त्यासाठी ७५ डॉलर द्यायचे की नाही, हे दोन्ही नाणी बघून ठरवा. न बघता यातलं कोणतंच घेऊ नका.

सांगलीकर_१८६२

नाणेघाटताईंचा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा आहे. मी भारतातली बाजू थोडक्यात सांगतो, कारण इथे मला अलीकडे बरेच जण "आमच्या राणीछापला हिरवं स्टिकर मिळेल का" असं विचारतात.

नाही मिळणार. सीएसी फक्त अमेरिकन नाण्यांवर स्टिकर लावते. आपले ब्रिटिश काळातले रुपये एनजीसी आणि पीसीजीएसच्या स्लॅबमध्ये मिळतात, पण त्यांवर दुसरी नजर टाकणारं सर्वमान्य असं इथे कुणी नाही. पेटीवर देवगड छापलं म्हणून आतला आंबा देवगडचा होत नाही, हे आपण जाणतो, पण स्लॅब दिसला की तेच विसरतो. गेल्या वर्षी एक परिचित १९३९ चा रुपया घेऊन आले. हा सहाव्या जॉर्जचा अतिशय दुर्मिळ रुपया, आणि म्हणूनच त्याच्या नकला भरपूर. स्लॅब एका नामांकित कंपनीच्या नावाचा, लेबल चकचकीत, क्रमांकही होता. तो क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला तर समोर भलत्याच देशाच्या, भलत्याच धातूच्या नाण्याचा फोटो आला. डबीच बनावट होती. त्यांनी एका व्यवहारात पेन्शनचे सात महिने घालवले. हे मला फार लागलं, कारण क्रमांक टाकून बघायला दोन मिनिटं लागली असती.

स्टिकरचंही तेच. बनावट हिरवी स्टिकरंही बाजारात येतात. एडिसनकर, नाणं कुठलंही घ्या, पैसे देण्याआधी दुकानातच मोबाइलवर स्लॅबचा क्रमांक तपासा: आधी पीसीजीएसकडे, आणि स्टिकर असेल तर तोच क्रमांक सीएसीकडे. फोटो असेल तर नाण्यावरची एखादी ठळक खूण जुळवून बघा.

पेठकरी

मान्य. तरीही एक म्हणतो, ताईंसारखी नजर तयार व्हायला बावीस वर्षं लागतात. नवख्या माणसाने तोवर काय करायचं? स्टिकर म्हणजे जाणकाराची नजर भाड्याने घेणं. त्यात गैर काही नाही.

नाणेघाट

गैर काहीच नाही, पेठकरी. सोन्याच्या दागिन्यावर हॉलमार्क आपण बघतोच. पण हॉलमार्क शुद्धता सांगतो, तोडे कसे वळलेत, सांधा कसा जोडलाय ते सांगत नाही. ते आई, आजी हातात घेऊन बघायच्या. स्टिकरही एकच गोष्ट सांगतं: नाणं आपल्या ग्रेडमध्ये भक्कम आहे. ते दुर्मिळ आहे का, मागितलेली किंमत रास्त आहे का, तुम्हाला रोज बघावंसं वाटेल का, यातलं काहीच नाही.

आणि बावीस वर्षं कशाला? १८८४-सीसीसारख्या नाण्यासाठी एक संध्याकाळ पुरते. एडिसनकर, दुकानात असं करा. दुकानदाराकडे टेबलावरचा पिवळ्या प्रकाशाचा दिवा मागा, त्यांच्याकडे असतोच. वरचा पांढरा दिवा तुमच्यावर पडणार नाही असे बसा. स्लॅब कडेने दोन बोटांत धरा, दिव्यापासून हातभर अंतरावर, आणि हळूहळू तिरपा करत गोल फिरवा. चांगल्या नाण्यावर प्रकाशाचे दोन पट्टे मध्यापासून कडेपर्यंत चाकाच्या आऱ्यांसारखे फिरतात. ते अखंड फिरले पाहिजेत. जिथे ते मंद होतात किंवा तुटतात तिथे थांबून बघा.

आधी गाल बघा. मॉर्गन डॉलरवर लिबर्टीचा गाल ही सगळ्यात मोठी मोकळी जागा, आणि आपली नजरही आधी तिथेच जाते. ग्रेड देणाऱ्यांचीही. मग नाकासमोरची मोकळी जागा. मग मागे गरुडाची छाती. नाणं तिरपं करताना मोकळ्या जागेत केसासारख्या बारीक, एकाच दिशेच्या रेघा चमकल्या तर कुणीतरी कधीतरी ते कापडाने पुसलं आहे. पोत्यातल्या ठोकरा अशा नसतात, त्या वेड्यावाकड्या आणि खोल असतात. आणखी एक: डबीच्या प्लास्टिकवरही ओरखडे असतात. संशय आला तर स्लॅब तिरपा करा. प्लास्टिकवरचा ओरखडा नाण्यावरून सरकतो, नाण्यावरचा जागेवर राहतो.

भिंग पाच पटींचं न्या. त्याहून मोठं नको. दहा पटींखाली सगळीच नाणी जखमी दिसतात आणि माणूस घाबरतो.

आणि शक्य असेल तर मुलीला सोबत न्या.

एडिसनकर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल जाऊन आलो. मुलीला नेलं होतं. काय झालं ते सविस्तर लिहितो.

दुकानदाराने दिवा दिला, खुर्ची दिली, अजिबात घाई केली नाही. आधी स्टिकर असलेलं बघितलं. प्रकाश खरंच आऱ्यांसारखा फिरतो! मुलीने तीन वेळा मागून घेतलं. झळाळी सुरेख, पण डोळ्याखाली गालावर एक ठोकर, स्वल्पविरामासारखी. एकदा दिसली की नजर तिथेच जात होती. मग दुसरं. गाल स्वच्छ, मला ते लगेच आवडलं. पण नाकासमोर तिरपं केल्यावर मुलीच म्हणाली, "बाबा, इथे केस अडकलाय." केस नव्हता. ताईंनी सांगितल्या तशा बारीक रेघा होत्या, सगळ्या एका दिशेने. डबी हलवून बघितली, रेघा जागच्या हलल्या नाहीत. दुकानदाराला विचारलं की हे सीएसीला पाठवलं होतं का. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, हो, वसंतात पाठवलं होतं, तसंच परत आलं. खरं सांगितलं म्हणून मी त्याचे आभार मानले.

मग त्याने आपण होऊन आतून एक तिसरं काढलं. तेही १८८४-सीसी, पण एमएस-६३, स्टिकर नाही, २६५ डॉलर. जुन्या संग्रहातून महिन्याभरापूर्वी आलेलं, अजून कुठे पाठवलेलं नाही. गालावर दोन-तीन बारीक खुणा आहेत, पण विखुरलेल्या. झळाळी पहिल्या नाण्याइतकीच. मागे कडेला, गरुडाच्या उजव्या पंखापाशी, फिकट सोनेरी छटा चढली आहे. मुलीने ते हातात घेतलं आणि मग परत दिलंच नाही.

क्रमांक दुकानातच तपासला, फोटोतली गालावरची खूण जुळली. २६५ देऊन तेच घेतलं. वाचलेल्या पैशांत पाच पटींचं भिंग आणलं, बायकोच्या सांगण्याप्रमाणे. आता प्रश्न एवढाच की डिसेंबरमध्ये आम्ही वाईला जातोय, आणि तिला हे नाणं तिथे नेऊन आजीच्या रुपयाशेजारी ठेवायचं आहे.

नाणेघाट

फार छान घेतलंत! ६३ च्या वरच्या काठाचं असणार ते, वर्णनावरून तसंच वाटतंय. कडेची ती सोनेरी छटा सांभाळा. स्लॅब कोरड्या कपाटात ठेवा, तळघरात नको. तिथली दमट हवा चांदीला लागते. मऊ प्लास्टिकच्या पाकिटांजवळही नको.

सांगलीकर_१८६२

अभिनंदन. पण ते नाणं भारतात आणू नका. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनं नाणं देशाबाहेर नेता येत नाही. परत जाताना विमानतळावर "हे आमचं अमेरिकेतलंच आहे" हे पटवून देत बसावं लागेल, आणि कागदपत्रं पुरेशी नसतील तर नाणं अडकूही शकतं. त्याच कारणाने वाईचे रुपयेही तिकडे नेऊ नका. दोन्ही नाणी आपापल्या घरी राहू द्या. नाण्याचा स्पष्ट फोटो खऱ्या आकारात छापून आणा, व्यास ३८.१ मिलिमीटर धरून.

एडिसनकर

बरं झालं सांगितलंत, हे आम्हाला माहीतच नव्हतं. काल रात्री तिला समजावलं, जरा हिरमुसली. मग तिनेच दादाला व्हिडिओ कॉल लावला आणि एक राणीछाप वजनकाट्यावर ठेवायला सांगितलं. काटा स्वयंपाकघरातला, एक दशांश दाखवणारा. ११.४ ग्रॅम आलं. पुस्तकात ११.६६ दिलंय, म्हणजे पाव ग्रॅम चांदी आजवर कुणाकुणाच्या हातांना लागून गेली, असं ती म्हणाली. आमचा डॉलर डबीत आहे म्हणून तोलता येत नाही, त्याचं २६.७३ तिने पुस्तकातून घेतलंय. वहीत दोन्ही आकडे एकाखाली एक लिहिलेत, आणि दादाला उरलेले दहा रुपये रविवारी तोलायला सांगितलेत.